उभा पाय



ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी जमतो त्या गुरुजींनी मला एकदा एका पायावर उभं केलं होतं. शिक्षा म्हणून नाही. मी सातवीत होतो. शाळेच्या फुटबॉल संघात शिरायची मला घाई झाली होती आणि माझी किक लांब जाते, एवढ्या भांडवलावर मी त्यांच्यापुढे जाऊन ठाकलो होतो. ते म्हणाले, "उजवा पाय उचल." उचलला. "आता डोळे मीट." मिटले. चार मोजून व्हायच्या आत माझा झोक गेला आणि मी शेजारच्या मुलावर आदळलो. गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, "मारायच्या पायात तुझ्या जोर आहे. पण ज्या पायावर तू उभा राहतोस, त्याची तुझी ओळखच नाही." पुढचे दोन महिने त्यांनी मला लंगडी खेळायला लावली.

गुरुजी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलेले. ही संस्था १९१४ ची, आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपले देशी व्यायामप्रकार तिथं दाखवून आलेली. मल्लखांब, लेझीम, कुस्ती हे गुरुजींचं मूळ शिक्षण. फुटबॉल ते मागाहून शिकले. तेव्हा आपला वाशीम जिल्हा नव्हता. तो १ जुलै १९९८ ला झाला. त्यामुळे आम्ही जिल्हा स्पर्धेला मीटरगेजच्या गाडीनं अकोल्याला जायचो, पहिल्या फेरीत हरायचो आणि परत यायचो. परतीच्या गाडीत गुरुजी गोलांबद्दल बोलत नसत. कोण कधी कसा पडला, याबद्दल बोलत. आम्हाला ते विचित्र वाटायचं. नंतर शिक्षक झालो, शरीरशास्त्राची पुस्तकं वाचली, परदेशी शोधनिबंध चाळले, तेव्हा कळलं की ते खेळाच्या मुळाशी बोट ठेवत होते.

फुटबॉल हा पायानं खेळायचा खेळ आहे असं आपण म्हणतो. तो खरं तर एका पायावर खेळायचा खेळ आहे. चेंडू अडवताना, पास देताना, वळताना, मारताना, प्रत्येक वेळी एक पाय हवेत असतो आणि सगळं शरीर दुसऱ्याच्या भरवशावर असतं. उजव्या पायानं किक मारणाऱ्या मुलाचा डावा पाय चेंडूच्या बाजूला रोवला जातो, गुडघा किंचित वाकतो, डावा हात बाहेर फेकला जातो, आणि त्या रोवलेल्या पायावर क्षणभर शरीराच्या वजनाहून कितीतरी जास्त भार येतो. तो पाय डळमळला की चेंडू गोलच्या वरून जातो आणि आपण बाजूला उभे राहून ओरडतो, "नीट मार ना!" मारणारा पाय नीटच असतो. उभ्या पायाकडे कोणी बघितलेलंच नसतं.

आता हा तोल राखतं कोण? तीन जण मिळून राखतात. पहिले डोळे. दुसरा कान, म्हणजे कानाच्या अगदी आतला भाग. तिथं तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन बारीक पिशव्या असतात. डोकं वळलं, झुकलं, वेग बदलला, की त्यांतून मेंदूला वर्दी जाते. तिसरा सोबती सगळ्यांत अबोल आहे. स्नायूंच्या आत बारीक चात्यांसारखे तंतू असतात, ते स्नायू किती ताणला गेला हे सांगतात. स्नायू हाडाला जिथं जोडला जातो तिथले तंतू किती जोर पडतो ते सांगतात. सांध्यांतून, तळव्याच्या कातडीतून खबर येत राहते. इंग्लंडच्या शेरिंग्टन यांनी १९०६ मध्ये या जाणिवेला प्रोप्रिओसेप्शन असं नाव दिलं. मी तिला अंगभान म्हणतो. रात्री अंधारात तुम्ही आपल्या नाकाला बोट लावू शकता ना? ते याच जाणिवेमुळे.

ही जाणीव इतकी मुकाट काम करते की ती गेल्यावरच ती होती हे कळतं. इंग्लंडमध्ये इयान वॉटरमन नावाचे गृहस्थ आहेत. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारपणानंतर त्यांचं मानेखालचं अंगभान पूर्ण गेलं. स्नायू शाबूत होते, ताकद होती, पण हात कुठं आहे, पाय कुठं आहे, हे त्यांना आतून कळेना. उभं राहणं सोडा, नीट बसताही येईना. कित्येक महिने खपून ते पुन्हा चालायला शिकले, पण प्रत्येक पाऊल डोळ्यांनी बघून टाकायचं. खोलीतला दिवा गेला की ते जमिनीवर कोसळत. भारनियमनाच्या काळात वाढलेल्या आपल्या पिढीला यातली भीती समजावून सांगायला नको.

मी हे एवढं लांबण लावून सांगतोय त्याला कारण आहे. माझ्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरून एक मुलगा शाळेत यायचा. लहानपणापासून त्याला जवळजवळ ऐकू येत नव्हतं. दुपारच्या सरावात त्याच्याइतका चपळ मुलगा संघात नव्हता. पण उन्हं कलली की तो अडखळायचा. चेंडू पायात असताना, कोणी धक्का दिलेला नसताना, मैदानात एक खड्डा नसताना पडायचा. बाकीची मुलं म्हणायची, "सर, संध्याकाळ झाली का तो पडतेच." मला वाटलं, दमतो. मग वाटलं, लक्ष नसतं. तालुक्याच्या सामन्याआधी मी त्याला संघातून काढलं. सामना सायंकाळी होता आणि मला धोका नको होता.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका प्रशिक्षण शिबिरात कानाच्या डॉक्टरांचं व्याख्यान ऐकलं. ऐकण्याचं आणि तोलाचं इंद्रिय कानात अगदी शेजारी शेजारी असतं, आणि जन्मापासून ऐकू न येणाऱ्या बऱ्याच मुलांत तोलाचं इंद्रियही कमी-जास्त अधू असतं, असं ते म्हणाले. अशी मुलं ती उणीव डोळ्यांनी भरून काढतात. उजेड कमी झाला की ती भरपाई संपते. मी त्या खुर्चीत बसल्याजागी थिजलो. तो पोरगा दोन सोबत्यांच्या बळावर तिघांचं काम करत होता, आणि संध्याकाळी त्याच्याकडे एकच उरायचा. त्याला मी धांदरट म्हटलं होतं, सगळ्यांसमोर. ही चूक माझी होती आणि ती मी आज या व्यासपीठावरून कबूल करतो. त्याला काढायची गरज नव्हती. त्याचं अंगभान वाढवायची गरज होती आणि ते वाढवता येतं.

वाढवता येतं, हे मी कशाच्या आधारावर म्हणतो?

फ्रान्समध्ये पायार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये फुटबॉलपटूंना दाब मोजणाऱ्या फळीवर एका पायावर उभं केलं. पंधरा खेळाडू राष्ट्रीय पातळीवरचे, पंधरा प्रादेशिक पातळीवरचे. वरच्या पातळीवरच्यांचं शरीर कमी डोलत होतं. त्याच सुमाराच्या त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली, आणि मला ती जास्त मोलाची वाटते: व्यावसायिक खेळाडू उभं राहण्यासाठी डोळ्यांवर हौशी खेळाडूंपेक्षा कमी विसंबून होते. याचा मैदानातला अर्थ फार मोठा आहे. नवशिक्या मुलाला पाहा. त्याची मान खाली, नजर पायांवर. तो स्वतःच्या शरीराला डोळ्यांनी सांभाळत असतो. मग डाव्या बाजूला मोकळा उभा असलेला मित्र त्याला दिसणार कसा? "मान वर कर" असं आपण शंभरदा सांगतो. पण त्याच्या पायांची जबाबदारी दुसऱ्या कोणी घेतल्याशिवाय डोळे मोकळे होत नाहीत. चांगल्या खेळाडूला आपण म्हणतो, याला पाठीमागेही डोळे आहेत. त्याला दोनच डोळे असतात, पण ते दोन्ही खेळाकडे असतात.

इथं एक सावधगिरीचा शब्द. या अभ्यासावरून तोल चांगला होता म्हणून खेळाडू वर गेला, की वर्षानुवर्षं वरच्या पातळीवर खेळला म्हणून तोल सुधारला, हे ठरत नाही. कोणी उद्या शिट्टी आणि घड्याळ घेऊन बारा वर्षांच्या मुलांना एका पायावर उभं करील आणि जो आधी पडला त्याला घरी पाठवील, तर तो विज्ञानाच्या नावाखाली अन्याय करील. त्यातून बारा-पंधरा हे वय तर असल्या निवडीला सगळ्यांत वाईट. मुलींची उंची साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास आणि मुलांची चौदाव्याच्या आसपास झपाट्यानं वाढते. हाडं लांब होतात, पण मेंदूतला शरीराचा नकाशा जुनाच असतो. काल जिथं पाऊल पडायचं तिथं आज पडत नाही. आठवीपर्यंत हुशार खेळणारा मुलगा नववीत अचानक भांडी पाडायला लागतो, चेंडूवरून पाय घसरतो, आणि घरी-दारी बोलणी खातो. कितीतरी मुलं या दीड-दोन वर्षांत खेळ सोडतात. पालकांनो, त्या मुलाला काही झालेलं नाही. त्याच्या अंगाची आणि त्याची नव्यानं ओळख व्हायची आहे, तेवढा वेळ त्याला द्या.

मुलींबद्दल वेगळं बोललं पाहिजे. फुटबॉलमध्ये गुडघ्याच्या आतला अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांच्या दुप्पट-तिप्पट आढळतं. उडी मारून खाली येताना, धावता धावता वळताना गुडघा आत झुकतो आणि बंध तुटतो. आपल्याकडे एखाद्या मुलीचा गुडघा असा एकदा गेला की तिचा खेळ संपतो, कारण शस्त्रक्रियेचा खर्च आणि घरचा धीर दोन्ही अपुरे पडतात. म्हणून नॉर्वेमधली एक गोष्ट मला तुमच्यापर्यंत पोचवायची आहे. फिफानं ऑस्लोच्या संशोधकांबरोबर सरावाआधीचा वीस मिनिटांचा एक कार्यक्रम तयार केला, त्याला 'इलेव्हन प्लस' म्हणतात. धावणं, ताकद, उड्या आणि एका पायावरचा तोल, सगळं त्यात आहे. १२५ क्लबांतल्या १३ ते १७ वयाच्या १,८९२ मुलींवर एक हंगामभर तो तपासला. ज्यांनी तो केला त्यांच्या एकूण दुखापती सुमारे एक तृतीयांशानं कमी झाल्या आणि गंभीर दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. त्याच्याही आधी, १९९६ मध्ये, इटलीतल्या काराफा यांनी सहाशे खेळाडूंवर तीन हंगाम काम केलं. तीनशे जणांनी डुगडुगत्या फळीवर रोज तोलाचा सराव केला, तीनशेंनी नेहमीचाच व्यायाम केला. सराव न केलेल्यांत अस्थिबंधाच्या सत्तर दुखापती झाल्या, केलेल्यांत दहा.

घोट्याचं तर विचारूच नका. आपल्या जिल्ह्याची जमीन काळी. पावसाळ्यात ती बुटाला चिकटते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ज्याचा पाय कधी मुरगळला नाही असा खेळाडू या सभागृहात मला दाखवा. मुरगळला की आंबेहळदीचा लेप लावायचा, सूज उतरली की पुन्हा मैदानात, आणि महिन्याभरात तोच पाय पुन्हा मुरगळतो. याला आपण "पाय कच्चा झाला" म्हणतो. कच्चं झालेलं असतं अंगभान. घोटा पिळवटतो तेव्हा बंधांसोबत त्यांच्यातले खबर देणारे तंतूही दुखावतात. सूज उतरते, पण वर्दी उशिरा पोचते, आणि पाय वाकडा पडतोय हे मेंदूला कळेपर्यंत तो पडून गेलेला असतो. नेदरलँड्समध्ये घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंपैकी निम्म्यांना घरच्या घरी आठ आठवडे तोलाचा सराव करायला सांगितला. वर्षभरात सराव न केलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा घोटा पुन्हा मुरगळला, केलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. तेव्हा लेप लावा, आईचं मन मोडू नका, पण डॉक्टरांनी हाड मोडलं नसल्याचं सांगितल्यावर आणि वेदना कमी झाल्यावर त्याच पायावर उभं राहायचा सराव सुरू करा. तो केल्याशिवाय सामन्यात उतरू नका.

आता कोणी म्हणेल, नॉर्वे कुठं, आपण कुठं. मी म्हणतो, या बाबतीत आपण मागे नव्हतोच. माझ्या लहानपणी शाळेची वाट वावरातून होती. धुऱ्यावरून चालायचं, अनवाणी, दप्तर एका खांद्यावर, आणि घसरलं तर पऱ्हाटीत. डवऱ्यामागे दिवसभर चालणाऱ्या माणसाचे तळवे ढेकूळ आणि ओल डोळ्यांनी न बघता ओळखतात. तांड्यावरच्या बाया डोक्यावर एकावर एक घागरी घेऊन चढ चढतात आणि शेजारणीशी बोलत चालतात. मान स्थिर, नजर मोकळी. पायारसाहेबांनी फळीवर मोजलं ते हेच. आणि लंगडी! एका पायावर धावायचं, वळायचं, समोरच्याला हुलकावणी देऊ न देता पकडायचं, पाय टेकला की बाद. फुटबॉलपटूच्या उभ्या पायासाठी याहून चांगला व्यायाम मला कुठल्याही पुस्तकात सापडलेला नाही. गुरुजींनी मला ती दोन महिने का खेळायला लावली, ते आता मला नेमकं सांगता येतं.

कोल्हापूरकरांनी हे केव्हाच ओळखलंय. तिथल्या नामवंत फुटबॉल संघांची नावं ऐका: पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. कुस्तीच्या तालमींच्याच नावानं तिथं फुटबॉल खेळला जातो. मातीत पवित्रा घेऊन उभा राहणारा मल्ल आणि चेंडूवर अंग घालून उभा राहणारा बचावपटू, दोघांचा पाया एकच. त्याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तो विश्वचषक आपल्याकडे होता म्हणून त्या वर्षी १५ सप्टेंबरला राज्यभर दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा उपक्रम झाला, शाळाशाळांत चेंडू पोचले. चांगली गोष्ट होती. एका शाळेत तो चेंडू मी दोन वर्षांनी कपाटात पाहिला, हवा गेलेला. चेंडू दिला की खेळ दिला असं होत नाही. खेळ शरीरातून यावा लागतो आणि शरीराला रोज थोडी तालीम लागते.

ज्यांना दिसत नाही असे खेळाडूही फुटबॉल खेळतात, हे इथल्या काही जणांना नवीन असेल. पाच जणांचा संघ. गोलरक्षक डोळस, बाकी चौघांच्या डोळ्यांवर पट्टी, चेंडूत खुळखुळे. चेंडूकडे जाणारा खेळाडू "वॉय" असं ओरडतो, म्हणजे 'मी येतोय'. २००४ पासून हा खेळ पॅरालिम्पिकमध्ये आहे. पहिली पाचही सुवर्णपदकं ब्राझीलनं जिंकली आणि २०२४ ला पॅरिसमध्ये फ्रान्सनं ती मालिका तोडली. त्यांचा खेळ मी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा मला तांड्यावरचा तो मुलगा आठवतो. तीन सोबत्यांपैकी डोळे मुळीच नसताना माणसं पूर्ण वेगानं धावतात, वळतात, गोल करतात. मग आमच्या मुलाला मी कोणत्या तोंडानं म्हणालो की तुझ्यानं होणार नाही?

शिक्षक मित्रांनो, तुमच्याकडे मैदान नसेल, जाळी नसेल, चेंडू एकच असेल. मला माहीत आहे, मी तीस वर्षं त्याच परिस्थितीत नोकरी केली. तरीही सकाळच्या परिपाठानंतर चार मिनिटं तुमची असतात. मुलांना पायातले बूट-चपला काढायला सांगा. हात कमरेवर, गुडघा किंचित सैल, एक पाय वर, तीस सेकंद. मग दुसरा. आठवड्यानंतर उभ्या उभ्या चेंडू एकमेकांकडे फेकू द्या. त्यानंतर जोडीदारानं हलकेच खांद्याला ढकलायचं आणि याने सावरायचं. 'इलेव्हन प्लस'मधल्या एका व्यायामाच्या तीन पायऱ्या जवळपास अशाच आहेत. हे जमलं की डोळे मिटून. डोळे मिटायचा व्यायाम मऊ मातीवर करा आणि शेजारी सोबती उभा ठेवा. आठवड्यातून दोन दिवस लंगडी, दोन्ही पायांवर, कारण मुलं नेहमी आवडत्या पायावरच लंगडतात.

एक वही करा. प्रत्येकाच्या नावापुढे दोन्ही पायांचे सेकंद लिहा, तारीख टाका, दर महिन्याला पुन्हा मोजा. दोन पायांत फार फरक दिसला तर त्या मुलाला जवळ बोलावून विचारा, हा पाय कधी मुरगळला होता का. डोळे मिटताच कोणी लगेच कोसळत असेल तर त्याचे कान तपासायला घरच्यांना सांगा. आणि ही वही संघ निवडायला वापरू नका. ज्या मुलांचे आकडे सगळ्यांत कमी येतील, त्यांना दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानात बोलवा.